आधी गुडघे

टर्बो खोक्यातून बाहेर काढूच दिला नाही हिल्कानं.
शेगडीजवळच्या बाकाखाली पायानंच सरकवला,
बटाट्यांच्या पोत्याला टेकून.
म्हणाली, राहू दे इथे उबेला.
तू ये.

त्या खोक्यासाठी दोन हिवाळे
मी लाकडाच्या गिरणीत फळ्या मोजल्या होत्या.
रात्रपाळी, उणे अठ्ठावीस,
हातमोज्यांच्या आत हातमोजे,
आणि फळ्यांच्या आकड्यांखाली सतत दुसराच एक आकडा:
साठ घोडे जास्त.

तिनं माझ्या जुन्या कडेटच्या बॉनेटवर तळहात टेकले,
अंगाचा सगळा भार टाकला, आणि काढून घेतला.
गाडी खाली गेली, वर आली,
पुन्हा खाली, पुन्हा वर, पुन्हा,
होकार देत राहिली
कुणी काही विचारलेलं नसताना.

मग म्हणाली, चालव. तळ्यापर्यंत.

एप्रिल संपत आलेला.
या दिवसांत आमच्याकडे जमिनीतला बर्फ निघून जातो
आणि खडीचा रस्ता झोपेत कूस बदलावी तसा
जागोजाग फुगतो, खचतो.
कालची चाकोरी आज नसते.
हिल्का शेजारी डोळे मिटून बसलेली.
टपालपेट्यांच्या वळणावर म्हणाली, आत्ता.
पुलाच्या अलीकडे, आत्ता.
दूधवाल्यांच्या चढावर लागोपाठ,
आत्ता आत्ता आत्ता.
तळ्याशी इंजिन बंद केलं तेव्हा डोळे उघडले:
एकतीस वेळा मागचं चाक हवेत होतं, साइमा.
एकतीस वेळा तू गाडी चालवत नव्हतीस.
गाडी पडत होती, आणि तू आत होतीस.
ते साठ घोडे आणून
जुंपणार कशाला? वाऱ्याला?

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.
माझं बाशिंग बटाट्यांशेजारी पडलेलं
आणि गुडघ्यांचा तर पत्ताच नाही.

स्नोस्कूटर विकली. वडिलांना सांगितलं नाही.
सेइनायोकीतल्या बंद पडणाऱ्या एका दुकानातून
चार शॉकअप, चार स्प्रिंगा,
आणि पेढ्याएवढ्या काळ्या रबरी बुशांची एक पिशवी.
तीन आठवडे.
गंजलेला एक बोल्ट दीड दिवस अडून बसला,
तापवला, तेल पाजलं, शिव्या घातल्या,
शेवटी मी जेवायला गेले असताना
तो हिल्कासाठी मुकाट सुटला.

तिचे स्वतःचे दोन्ही गुडघे गेल्या शरदात बदललेले.
चाळीस वर्षं गाड्यांखाली उकिडवं बसून
झिजवले होते तिनं.
त्याबद्दल ती काही बोलली नाही.
फक्त जुनं बुश हातात घेऊन, बोटानं दाबून,
भुगा होईपर्यंत बघत राहिली.

जून. रात्रीचे साडेअकरा, आणि उजेड तसाच.
तोच रस्ता. तेच पंचावन्न म्हातारे घोडे.
टपालपेट्या गेल्या. ती गप्प.
पूल गेला. गप्प.
मला वाटलं झोपली.
दूधवाल्यांच्या चढावर रस्ता हाताला लागला,
अंधारात ओळखीच्या माणसाचा खांदा लागावा तसा,
आणि मी पहिल्यांदाच तिथे ब्रेक दाबला नाही.
तळ्यापर्यंत चारदा "आत्ता".
घड्याळात एकोणीस सेकंद कमी.
मी खाली उतरून उगाचच
चाकांभोवती एक फेरी मारली.

ऑगस्टमध्ये बाकाखालून खोकं ओढलं.
पोत्यातल्या एका विसरलेल्या बटाट्याला
वीतभर पांढरा कोंब फुटून
पुठ्ठ्याच्या फटीतून थेट टर्बोपर्यंत गेलेला.
हिल्कानं कोंब पाहिला. मला पाहिलं.
हात पुसत विचारलं,
आणि थांबणार कशानं?

मी ब्रेकच्या जुन्या पातळ चकत्या आठवत उभी राहिले.

तिनं पायानंच खोकं परत आत सरकवलं.
गुडघा वाकला, सरळ झाला.
आवाज नाही.